छायाचित्र अप्राप्त

रामटेके काकांनी कम्प्युटरच्या पडद्यावरचं एक अक्षरही कधी खरं मानलं नाही. माझी बाळंतपणाची रजा मंजूर झाल्याचा मेल आला, तेव्हा मी आनंदाच्या भरात पडदा त्यांच्याकडे वळवला होता. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, पाहिल्यासारखं केलं आणि म्हणाले, "हे दिसून राहिलं फक्त. आलं कुठं? कागदावर आलं तं आलं म्हणायचं." मग त्यांनी स्वतः तो मेल छापला, कागद दोन्ही हातांत धरून वरपासून खालपर्यंत वाचला, त्यावर आवक क्रमांक टाकला. "आता जाय घरी. आता झाली तुही रजा मंजूर."

नवा रायपूरमध्ये आमचं कार्यालय. नाव सांगत नाही. तिथल्यांना कळेलच, आणि बाकीच्यांना कळून काय करायचंय? गावोगावच्या शाळा, अंगणवाड्या, समाजभवनं अशा लहानसहान सरकारी इमारतींच्या दुरुस्तीच्या मागण्या आमच्याकडे यायच्या. सुखदेव रामटेके आवक शाखेत होते. बाहेरून आलेला प्रत्येक कागद आधी त्यांच्या टेबलावर पडायचा, नंबर घ्यायचा आणि मग फाईलला लागून पुढे सरकायचा. सगळा पत्रव्यवहार मेलवर आला तेव्हा आम्हाला वाटलं, आता काकांना आराम. झालं उलटंच. साहेब लोकांना फाईल कागदाचीच लागायची, म्हणून आलेला प्रत्येक मेल छापायचं काम नव्याने काकांच्या गळ्यात पडलं, आणि काका त्यात अगदी रमले.

बारीक चणीचा माणूस. सदऱ्याचा खिसा तीन पेनांच्या वजनाने एका बाजूला ओढलेला. वडील भंडारा जिल्ह्यातून रेल्वेत गँगमन म्हणून रायपूरला आले, ते इथलेच झाले. काकांचा जन्म इथला, शाळा हिंदी, पण घरात बोली विदर्भातली. आमच्या शाखेत मराठी कळणारे आम्ही दोघंच, त्यामुळे बाकीच्यांशी हिंदी आणि माझ्याशी मराठी अशी त्यांची जीभ दिवसभर रूळ बदलत असायची. बाकीचे त्यांना रामटेके बाबू म्हणायचे. मी काका म्हणत असे आणि ते मला चांगल्या मूडमध्ये असले तर पोट्टी म्हणत, रागावले तर मॅडम.

सकाळच्या स्टाफ बसमध्ये ते ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसत. शहर संपून ते रुंद, रिकामे रस्ते सुरू झाले की रोज न चुकता एकच वाक्य. "एवढा मोठा रोड, अन् चालाले माणूस नाई." रोज ऐकून ऐकून आम्हाला ते पाठ झालं होतं. एकदा मी त्यांच्या आधीच म्हणून टाकलं, तर ऑफिस येईपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत.

कागदाबाबतीत त्यांचं सोवळं फार. नवं रीम फोडलं की गठ्ठा कानाशी नेऊन अंगठ्याने फर्रकन उलटायचे. आवाजावरून कागद दमट आहे की कोरडा हे त्यांना कळायचं. दमट वाटला तर तास-दोन तास स्टॅबिलायझरवर ठेवून द्यायचे, मगच ट्रेमध्ये. प्रिंटर पुसायला रंगकामाचा एक मऊ ब्रश होता, तो त्यांच्या ड्रॉवरमध्ये रुमालात गुंडाळलेला असे. कागद अडकला तर दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत. "वढू नको वं! त्याले दुखते," असं ओरडायचे, आणि मग मागचं झाकण उघडून, स्वतःशी पुटपुटत, बोटाच्या टोकाने तो कागद असा सोडवायचे की त्याला चुणी पडत नसे.

वाया गेलेला कागद त्यांनी कधी फेकला नाही. चुकीचे, अपुरे, डाग पडलेले पाठकोरे कागद साठवायचे, शनिवारी घरी न्यायचे आणि सोमवारी सुई-दोऱ्याने शिवलेल्या वह्या घेऊन यायचे. ऑफिसातल्या प्रत्येकाच्या घरी पोरांनी त्या वह्यांवर धुळाक्षरं गिरवली आहेत. माझी ओवी तर त्याच वह्यांवर वाढली. पाठकोऱ्या बाजूला ती अक्षरं काढायची आणि छापलेल्या बाजूला चित्रं, कारण छापलेल्या मेलांमध्ये मधूनच मोठी पांढरी जागा सुटलेली असायची. त्या रिकाम्या चौकोनांत ती घरं काढायची, त्रिकोणी छपराची. मी शंभरदा पाहिलं असेल ते. ती जागा रिकामी का, हे माझ्या मनात एकदाही आलं नाही.

आणखी एका गोष्टीचा त्यांना अभिमान होता. इतक्या वर्षांच्या नोकरीत एक मेमो नाही, एक खुलासा नाही, सर्व्हिस बुकात एक लाल रेघ नाही. तो अभिमान ते लपवतही नसत. त्यामागे त्यांच्या वडिलांची गोष्ट होती, आणि ती त्यांनी मला एकदाच, डबा खाताना सांगितली. वडिलांना वाचता येत नव्हतं. रेल्वेत लागल्याचा कागद त्यांना मिळाला, तो त्यांनी पत्र्याच्या पेटीत कपड्यांच्या खाली ठेवला. दर महिन्याला एकदा बाहेर काढून उन्हात धरायचे आणि परत ठेवायचे. "त्याले त्यातलं एक अक्षर समजत नव्हतं," काका म्हणाले, "पण त्या कागदापायी कोणी त्याले हाकलू शकत नाई, एवढं समजत होतं." मग डब्यातल्या चटणीकडे बघत म्हणाले, "तू खाऊन नाई राहिली. तिखट झाली काय?"

आता टोनरची, म्हणजे प्रिंटरच्या शाईची, गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यातून निघालं.

आधीच्या साहेबांना काटकसरीचं वेड होतं. कुठल्या शाखेला किती टोनर लागतो याचा त्यांनी बैठकीत हिशेब मागितला आणि आवक शाखेचं नाव सगळ्यात वर निघालं. काका खाली मान घालून बसले. नंतर तीन-चार दिवस जेवणाच्या सुट्टीत ते एकटेच प्रिंटरच्या सेटिंगमध्ये घुसलेले असायचे. पडद्यावर विश्वास नसलेला माणूस पडद्याला नाक लावून बसलेला पाहून आम्हाला गंमत वाटायची. पुढच्या बैठकीपर्यंत आमच्या शाखेचा टोनर निम्म्यावर आला. साहेब भर बैठकीत म्हणाले, "रामटेके जी से सीखिए आप लोग." इतक्या वर्षांत बैठकीत त्यांचं नाव चांगल्या कारणाने पहिल्यांदाच घेतलं गेलं होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी सदर बाजारातून पेढे आणले. काय जादू केली म्हणून मी विचारलं, तर पेढा माझ्या हातावर ठेवत म्हणाले, "काई नाई. मशीनले समजावलं."

ते साहेब बदलून गेले. जागेवर एक मॅडम आल्या, तरुण, कमी बोलणाऱ्या. टोनरचा विषय पुन्हा कुणी काढला नाही.

ही गोष्ट झाल्याला दीडेक वर्ष होत आलं होतं. मे महिना होता आणि महिन्याच्या शेवटच्या दिवशी काका निवृत्त होणार होते. त्याच दिवशी मॅडमनी बैठक लावली होती. ज्या इमारती धोकादायक आहेत त्यांची यादी त्या दिवशी पक्की व्हायची होती. यादीत नाव आलं तर दुरुस्ती शाळा उघडायच्या आत, नाही आलं तर पुढचं वर्ष. बैठकीला पाच दिवस उरलेले असताना भर दुपारी एक बाई आमच्या शाखेत आल्या. डोक्यावर ओला गमछा, हातात प्लास्टिकची पिशवी. पन्नाशीच्या असतील. दोन बस आणि एक ऑटो बदलून आल्या होत्या. एका लहान गावातल्या प्राथमिक शाळेच्या त्या मुख्याध्यापिका, साहू मॅडम.

त्यांनी पिशवीतून तीन कागद काढून काकांसमोर पसरले. तिन्हींवर काकांच्या त्या सुंदर, वळणदार अक्षरात एकच शेरा होता. छायाचित्र अप्राप्त. म्हणजे फोटो मिळाला नाही, परत पाठवा.

"बाबूजी, तीन बेर भेजे हंव," त्या छत्तीसगढीत म्हणाल्या. तीनदा पाठवून तिन्हीदा कागद परत आले होते. आवाजात राग होता, पण दमलेला. "तीनों बेर लहुट के आ गे. ये अप्राप्त का होथे, मोला बता दव."

काका शांतपणे म्हणाले, "मैडम, आप लोग मेल में लिख देते हैं फोटो संलग्न, और फोटो जोड़ना भूल जाते हैं. कागद पे नहीं आया तो हम क्या करें?"

त्यात खोटं काही नव्हतं. फोटो जोडायला विसरणारे खरंच पुष्कळ असत. पण साहू मॅडमनी मोबाइल काढून काकांच्या नाकासमोर धरला. "ये देखव. गे हे कि नइ?" पाठवलेला मेल होता, तारखेसकट, आणि त्यात फोटो. वर्गाचं छत. सिमेंट गळून पडलेलं, लोखंडी सळ्या उघड्या पडलेल्या, आणि खाली जमिनीवर रांगेत अंथरलेल्या चटया. "इहाँ पहिली कक्षा बइठथे," त्या म्हणाल्या.

काकांनी चष्मा कपाळावरून खाली ओढला. मग त्यांनी आपल्या कम्प्युटरवर तोच मेल उघडला आणि मी त्यांना इतक्या वर्षांत पहिल्यांदा पडद्याकडे नीट बघताना पाहिलं. फोटो तिथे होता. दीड महिन्यापासून तिथेच होता. काकांनी छापायचा आदेश दिला. प्रिंटरने घुरघुर केली आणि कागद बाहेर आला. वर पत्राचा मजकूर, खाली सही, आणि मधे मोठी पांढरी जागा.

"नेट का लफड़ा होगा," काका म्हणाले. त्यांनी फोटो मेलमधून वेगळा उतरवून घेतला आणि नुसता फोटो छापला. अख्खा कागद कोरा आला. एरवी असा कोरा कागद आला की ते खूश व्हायचे. तो ट्रेमध्ये परत टाकता यायचा. आज तो हातातच राहिला. मी म्हटलं, फोटो फार मोठा असेल, मशीन दमत असेल. तो लहान करून पाहिला. कोरा. फोटोचा प्रकार बदलून पाहिला. कोरा. माझ्या कम्प्युटरवरून छापून पाहिला. त्यालाही प्रिंटर त्यांनीच जोडून दिलेला. कोरा. केबल काढून लावली, मशीन बंद करून चालू केलं, टोनर काढून हलवला. साहू मॅडम खुर्चीच्या कडेवर बसून एकेक कोरा कागद मोजल्यासारखा बघत होत्या.

"वैशाली, चाचणीचं पान काढ," काका म्हणाले. मशीन ठीक आहे का हे पाहण्यासाठी एक ठरलेलं पान छापता येतं, ते. मी काढलं. ते बरोबर आलं होतं. सगळी अक्षरं, सगळ्या ओळी, कुठे फिकं नाही. "मशीन चांगली आहे काका," मी म्हटलं. पण काका त्या पानाच्या वरच्या कोपऱ्याकडे बघत होते. ते पान त्यांना तोंडपाठ होतं. त्यांनी त्या कोपऱ्यावर बोट ठेवलं.

"इथं कंपनीची निशाणी असते," ते म्हणाले. "रंगीत खिडकीवानी. कुठं गेली?"

मग ते खुर्चीत बसले. प्रिंटरची सेटिंग उघडली, एक पान, दुसरं पान, आणि झाडाच्या हिरव्या पानाच्या खुणेपाशी त्यांचा हात थांबला. त्या खुणेखाली शाई वाचवण्याच्या चार सोयी दिल्या होत्या. त्यातली एक होती, छापताना चित्रं गाळून टाकायची. तिच्यासमोर बरोबरची खूण होती. ती कुणी केली हे मला विचारावं लागलं नाही.

त्यांनी ती खूण काढली आणि पुन्हा छापायला दिलं. या वेळी मशीनला वेळ लागला. कागद हळूहळू बाहेर येऊ लागला, आधी छताचा अंधार, मग सळ्या, मग भिंत, सगळ्यात शेवटी चटया. काकांनी तो गरम कागद उचलला आणि वरपासून खालपर्यंत पाहिला. मग उभे राहिले आणि साहू मॅडमसमोर हात जोडले.

"मैडम, आपने तीनों बार भेजा था. तीनों बार आया था. गलती मेरी है."

साहू मॅडम भांडायच्या तयारीने आल्या होत्या. त्यांनी मोबाइल पिशवीत ठेवला. "हव, होथे बाबूजी," म्हणजे होतं असं, एवढंच म्हणाल्या. काकांनी त्यांना आपल्या डब्यातली पोळी खायला लावली, फाईल त्यांच्या देखत लावली आणि बस थांब्यापर्यंत उन्हात सोडायला गेले. मला वाटलं, सुटलो. एक गाठ सुटली, बाई खूश, काम झालं.

काका परत आले आणि त्यांनी कपाटातून आवकची दीड वर्षाची रजिस्टरं काढली.

"बाकीच्याइचं काय?" ते म्हणाले. "हे एक बाई आली म्हून समजलं. जे नाई आले, त्याइचं काय?"

पुढचे तीन दिवस त्यांनी ज्या ज्या नोंदीपुढे आपल्या हाताने अप्राप्त लिहिलं होतं, ती शोधली. प्रत्येक मेल उघडला. काहींमध्ये खरंच फोटो नव्हता, काहींनी शेरा वाचून नंतर छापील फोटो टपालाने धाडला होता. पण जिथे होता, तिथला छापला. त्यांची निवृत्तीची कामं पडून होती, चार ठिकाणी सह्या राहिल्या होत्या, आणि हे इथे प्रिंटरजवळ स्टूल घेऊन बसलेले. छापून झालं की एकेका गावाला फोन. "रामटेके बोल रहा हूँ, आवक शाखा. आपका फोटो आ गया था जी. गलती इधर की थी." समोरचे लोक चक्रावून जायचे. सरकारी ऑफिसातून कुणी असं बोलायला फोन करतं, यावर त्यांचा विश्वास बसायचा नाही. एकाने तर फसवणुकीचा फोन समजून शिव्या घातल्या. काकांनी त्याही ऐकून घेतल्या आणि आपला नंबर परत सांगितला.

एका फोनवर मात्र त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग त्यांनी विचारलं, "किसी को लगा तो नहीं?" पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं. फोन ठेवून त्यांनी मला सांगितलं. एका अंगणवाडीची मागची भिंत दोन महिन्यांपूर्वी पडली होती. रविवार होता म्हणून आत कुणी नव्हतं.

"रविवार होता," ते मला म्हणाले. "वैशाली, रविवार होता म्हून." मी पाणी दिलं. ते त्यांनी घेतलं नाही.

त्या दिवशी मी घरी जाऊन ओवीच्या वह्या काढल्या. छापलेल्या बाजूला एका पत्राच्या मधे, पांढऱ्या चौकोनात, तिने काढलेलं घर होतं. वर हिंदीत लिहिलं होतं, शाळेच्या छताची सद्यस्थिती सोबतच्या छायाचित्रात पाहावी. मला रडू आलं. कुणाला सांगण्यासारखं ते नव्हतं, म्हणून मी वही पुन्हा कपाटात ठेवली आणि कुकर लावला.

चौथ्या दिवशी काकांनी एक पान लिहून आणलं. हाताने, हिंदीत, त्यांच्या त्या अक्षरात. अमुक इतक्या प्रकरणांत छायाचित्र मिळालं नसल्याचा शेरा मारला गेला, तो चुकीचा होता. छायाचित्रं मिळालेली होती. प्रिंटरमध्ये चित्रं गाळण्याची सोय मी स्वतः चालू केली होती, त्यामुळे ती छापली गेली नाहीत. ही चूक माझी आहे. सर्व प्रकरणं आता पूर्ण करून सादर. खाली सही. ते पान त्यांना बैठकीच्या फाईलला लावायचं होतं.

आमचे बडे बाबू, म्हणजे हेडक्लार्क, दुबेजी स्वभावाने भला माणूस. ते वाचून घाबरले. "पागल हो गए हो, रामटेके? कल रिटायर हो रहे हो! फोटो लगा दो, मामला खत्म. किसको पता चलेगा?" आणि खरंच होतं ते. ते पान फाईलला लागलं असतं तर चौकशी निघू शकली असती, निवृत्तीची कागदपत्रं अडकली असती. सर्व्हिस बुकात लाल रेघ तर नक्की. मीही म्हटलं, "काका, दुरुस्त तर केलंत ना सगळं. आता लिहून कशाला ठेवता?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागावले असतील तर मॅडम म्हणतील अशी मला भीती वाटली.

"पोट्टे, जन्मभर मी लोकाइले सांगत आलो, कागदावर आलं तंच आलं. मंग माही चूक काहून तोंडीच ठेवू? त्या गावच्याइच्या कागदावर माह्या हातचं लिहिलं हाये, की तुमी फोटो धाडला नाई. ते खोटं हाये. ते खोडाचं तं कागदावरच खोडा लागन."

दुबेजींनी कपाळावर हात मारून घेतला. पान फाईलला लागलं.

बैठकीच्या दिवशी सकाळी मॅडमनी काकांना आत बोलावलं. मी रजिस्टर घेऊन त्यांच्या मागे उभी होते. मॅडमनी ते पान वाचलं, चष्मा काढला, पुसला, परत लावला. "रामटेके जी, आज आपका आखिरी दिन है," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "फोटो सब लग गए हैं. ये पन्ना आप निकाल लीजिए."

काका म्हणाले, "मैडम, पेज नंबर डल गया है."

नंबर पडलेलं पान फाईलमधून काढता येत नाही, हे मॅडमनाही माहीत होतं. त्यांनी पेन उचललं, पानाच्या कडेला 'देखा' असं लिहिलं आणि खाली सही केली. पुढे त्या पानाचं काय झालं, कुणी काय विचारलं, मला माहीत नाही. कुणी काही विचारलं नाही असंच दिसतं, कारण काकांची कागदपत्रं महिनाभर उशिराने का होईना, सुटली. यादीत मात्र साहू मॅडमची शाळा आली आणि तिच्याबरोबर आणखीही बऱ्याच इमारती आल्या.

संध्याकाळी निरोप समारंभ होता. शाल, नारळ, दुबेजींचं भाषण. भाषणात त्यांनी काकांच्या काटकसरीचं फार कौतुक केलं, ते ऐकून काका खाली बघत राहिले. बोलायची पाळी आली तेव्हा उठले आणि म्हणाले, "पडद्याकडे पाहत जा," आणि बसले. बाकीच्यांना वाटलं, म्हातारा गहिवरला. जाताना त्यांनी तो रुमालात गुंडाळलेला ब्रश माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवला.

त्यानंतर आवक शाखा माझ्याकडे आली. ऑक्टोबरात एक मेल आला. पत्ता कार्यालयाचा होता, पण वर लिहिलं होतं, रामटेके बाबूजी को मिले. साहू मॅडमचा. मजकूर एकाच ओळीचा होता आणि सोबत एक फोटो. मी आधी पडद्यावर तो उघडून नीट पाहिला. मग रीममधला एक कागद कानाशी नेऊन उलटला, ट्रेमध्ये टाकला आणि छापला. आवक क्रमांकही टाकला.

काका समता कॉलनीत एका दवाखान्याच्या मागच्या गल्लीत राहत. मी गेले तेव्हा घरभर खोकी बांधलेली होती. ते आणि काकू मुलीकडे नागपूरला कायमचे चालले होते. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो तेवढा अजून उतरवला नव्हता. काकू चहा करायला आत गेल्या. मी पिशवीतून कागद काढून दिला.

त्यांनी चष्मा खाली ओढला. फोटोत तोच वर्ग होता. वर पांढरं, सपाट, नवं छत. खाली त्याच चटया, आणि चटयांवर पहिलीची पोरं, तोंडं वर करून छताकडे बघणारी, बहुधा बाईंनी सांगितल्यामुळे. एक पोरगी मात्र सांगितलेलं न ऐकता सरळ समोर बघून हसत होती.

काका बघत राहिले. मग नेहमीप्रमाणे कागद उलटून पाठ कोरी आहे का ते पाहिलं, आणि पुन्हा सुलटा केला. आवक क्रमांक पाहून मान हलवली. खिशातल्या तीन पेनांतलं एक काढलं, खोक्यावर कागद ठेवला आणि कोपऱ्यात त्याच वळणदार अक्षरात सावकाश लिहिलं. छायाचित्र प्राप्त. खाली सही केली, तारीख टाकली.

"जाय," कागद माझ्या हातात देत ते म्हणाले, "फाईलले लाव."